चप्पल घालून पाणी भरा

प्रिय अभी,

रोज सकाळी लकडगंजातलं आपलं कूलरचं दुकान उघडलं, की तू पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाचायचास. कुठल्या हॉटेलवाल्यानं पाहुण्याची विसरलेली पर्स घरपोच दिली, कुठल्या कंपनीनं बिघडलेला माल परत घेतला. मग विचारायचास, यातून धंद्याचा काय धडा घ्यायचा? मॅनेजमेंटचं शिबिर करून आल्यापासून तुझ्या अंगात मास्तर संचारला होता. मी बिलं फाडता फाडता हसायचे. आता तूच पेपरात पहिल्या पानावर आहेस आणि धडा विचारायला जागेवर नाहीस. मौद्याला तुझ्या मित्राकडे, जितेंद्रकडे लपलास, हे मला ठाऊक आहे. बहिणीचा फोनही उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

आपल्याकडून कूलर नेलेला ओमप्रकाश पहिल्यांदा तक्रार घेऊन आला, तेव्हा हात जोडून बोलला होता. भाऊ, कूलर करंट मारून राहिला गा, बायको पाणी भरते, भेव वाटते. तू सगळ्यांना सांगतोस तेच त्यालाही सांगितलंस, चप्पल घालून पाणी भरा. आपल्या नागपुरात हे कोणाला खटकतही नाही. उन्हाळ्यात कूलर थोडा चावायचाच, असं आपण लहानपणापासून धरून चाललो. तो पुन्हा आला आणि चार गिऱ्हाइकांसमोर ओरडला, की याच्यात अर्थिंगची वायरच नाही. तू काउंटरवरून उडी मारून त्याच्या थोबाडीत हाणलीस. तो पडला तरी थांबला नाहीस. स्टँडचा लोखंडी पाय उचलून त्याच्या तोंडावर घातलास. दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. मी तुझा हात धरला, तर मलाही ढकललंस. 'ग्राहक आमचे दैवत' या तुझ्या लाडक्या पाटीवर रक्त उडालं होतं, ते नंतर मी फडक्यानं पुसलं.

तो दवाखान्यात पडून असताना घरी त्याच्या बायकोनं, कौसल्यानं, कूलरमध्ये पाणी भरलं. तिच्या पायात चप्पल होती, अभी. फक्त ओली होती. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा ती कूलरलाच चिकटलेली होती.

मग त्यांचा सगळा मोहल्ला दुकानावर आला. तू मागच्या दारानं पळालास, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. त्यांनी एकेक कूलर रस्त्यावर ओढला, सळयांनी पत्रे चेचले, ओमप्रकाशच्या घरचा कूलरही आणून त्या ढिगावर टाकला आणि वाळ्याच्या ताट्यांना आग लावली. आपला डिलिव्हरीवाला संजीव त्यांना तू वाटला. मी घसा फोडून सांगत होते, हा तो नाही, हा तो नाही. त्याच्या हाताचं हाड कातडीबाहेर येईपर्यंत मारलं त्याला. मला केसांना धरून काचेवर आपटलं, कपाळाला टाके आहेत. मला त्यांचा राग येतो, सणकून येतो. पण तुझा त्याहून जास्त येतो.

काल तुझा वकील घरी आला होता. म्हणे, दोष ओमप्रकाशच्या घरच्या वायरिंगचा. त्या मालातले सगळे कूलर, ओमप्रकाशचा धरून, जमावानंच जाळले, त्यामुळे तपासायला एकही उरला नाही. मी एवढंच सांगायचं, की तक्रार कधी आलीच नव्हती.

पण एक कूलर उरला होता. हौसेनं तू आईला उमरेडला पाठवलास ना, तो. वकील गेल्यावर मी तशीच बसनं गेले. टाकीला बोट लावलं आणि खांद्यापर्यंत झटका बसला. आई म्हणाली, चप्पल घालून भरत जा वं, मले अभीनं सांगतलं हाये. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. ती खाटेवरून उठली. तिनं प्लग काढला, टाकीतलं पाणी मगानं उपसून अंगणात ओतलं आणि म्हणाली, ने हा ठाण्यात. आज टेम्पोत घालून मी तो ठाण्यात जमा केला आणि माझा जबाबही दिला. तू कुठे आहेस ते तेवढं सांगितलं नाही. पोलिसांनी तुला ओढत नेण्याआधी आपल्या पायानं ये, एवढ्यासाठीच हे लिहिलं. आईला मी सोबत घेऊन आले आहे. ती पंख्याखाली पडून आहे, आणि दारात जरा चपला वाजल्या की विचारते, अभी आला काय वं?

तुझीच,
भारतीताई