उशिरा आलेलं हसू

७ जून

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फोन का करत नाही म्हणून रागावलायस. अरे, फोनवर तुझा आवाज ऐकला की मला रडू येतं आणि सगळ्या बातम्या राहून जातात. पत्रात कसं, डोळे पुसून पुढचं वाक्य लिहिता येतं.

तुझी चिमणी कॉलेजच्या वसतिगृहातून येऊन माझ्या टीव्हीवर ते सिनेमांचं ॲप लावून गेली. आत्याला कशात तरी गुंतवायचा हा तुम्हा बापलेकीचा बेत, एवढं कळतं मला. माहितीपट पाहते. मधमाश्यांचा पाहिला, दीपगृह सांभाळणाऱ्या नवरा-बायकोचा पाहिला. लघुपट तर फारच सोयीचे. चहा निवायच्या आत माणसाचं अख्खं आयुष्य उरकतात. विनोदी तेवढं पाहवत नव्हतं. टीव्हीतली माणसं हसतात आणि रिकाम्या घरात आपण त्यांच्याकडे बघत बसायचं, नको वाटतं.

परवा मात्र तो जाड भिंगांचा चष्मेवाला दिसला, रंगमंचावर उभा राहून विनोद सांगणारा. हे निवृत्त झाल्यावर आम्ही त्याच्याच कार्यक्रमाला गेलो होतो, तेव्हा चित्रीकरण चाललं होतं. छापखान्यातल्या यंत्रांनी ह्यांचे कान गेलेले. मी प्रत्येक विनोद कानाशी लागून पुन्हा सांगायचे, आणि सगळं सभागृह हसून गप्प झालं की हे एकटेच हसायचे. ढब्बू, त्या कार्यक्रमात तसंच एक हसू उशिरा येतं. ह्यांचं हसू मी विसरत चालले होते रे. फोटोत माणूस हसतो, पण ऐकू कुठे येतं? तू बघ आणि सांग, हेच ना?

लोभ आहेच, तो गंजू देऊ नकोस.
तुझी अक्का

१५ जून

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

हे पत्र आत्याच्या हाती पडू देऊ नकोस. मी तो कार्यक्रम पाहिला. हसू उशिरा येतं खरं. ऐकून मीही खुर्चीतून उठलो. पण शेवटी नावं सरकतात, त्यात चित्रीकरणाचं वर्ष आहे, आणि ते तुझे काका गेल्यानंतरचं आहे. तो दुसराच कुणी माणूस.

तुझी आई म्हणते, खरं सांगून टाका. माझा धीर होत नाही. तू तिकडे जातेसच, तर नावं यायच्या आधी टीव्ही बंद करत जा. बाप खोटेपणा शिकवतोय असं म्हणू नकोस, त्याचा नाइलाज समज. अभ्यासाची हेळसांड नको.
तुझे बाबा

१५ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पाहिलं. भाऊजीच! शंकाच नको. माझ्या लग्नात मामांनी भाषणात विनोद केला होता आणि पंगत बसल्यावर भाऊजी हसले होते, ते आठवलं. पुन्हा पुन्हा पाहत जा. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझ्या मायेचा कायमचा हक्कदार,
ढब्बू

२९ जून

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

चिमणी येते, माझ्याबरोबर कार्यक्रम पाहते आणि नावं सरकायला लागली की रिमोटवर अशी झडप घालते, की काल माझा चहा सांडला. अगदी बापावर गेलीय, लपवायचं ते आधी तोंडावर दिसतं. मी नुसतं तिच्याकडे पाहिलं तर रडायलाच लागली. तिला रागावू नकोस.

वर्ष मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. छापखानेवाल्याची बायको मी. शेवटची ओळ वाचल्याशिवाय पान उलटत नाही.

मग तुला का विचारलं? कुणीतरी एकदा 'भाऊजीच' म्हणावं असं फार वाटत होतं, आणि तू म्हणालास. त्या चार ओळींवर मी इतके दिवस काढले. खोटं लिहिलंस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस.

आणि ऐक. त्या माणसाचं हसू खाली उतरत जातं. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर जाणवलं, ह्यांचं तसं नव्हतं. ह्यांचं शेवटी वर चढायचं आणि मग ठसका लागायचा. दुसऱ्याचं ऐकता ऐकता ह्यांचं नेमकं आठवलं. आता ते विसरायची भीती नाही. त्या माणसाच्या शेजारीही कुणी बसली असेल, कानाशी लागून सांगणारी. तिला कधी कंटाळा न येवो.

काल एक नवा विनोद लागला. मी टीव्ही थांबवला, ह्यांच्या खुर्चीकडे वळून तो पुन्हा सांगितला, आणि नेहमी थांबायचे तेवढीच थांबले. मग पुढचं लावलं.

सवड काढून येऊन जा. लोभ पत्रात मावत नाही.
तुझी अक्का