मॅनेजरच्या जागी बदली

११ जानेवारी १९७४

मॅनेजर गेला. पहाटे, आपल्या पोत्यावरच, पाय ताणून. तेरा वर्षं जगला. शेवटची दोन वर्षं सोडली तर काडीचं काम केलं नाही आणि येईल-जाईल त्याच्यावर भुंकला — म्हणून तर नाव मॅनेजर! मिलमध्ये कळलं असतं तर मलाच काढलं असतं.

परसात पुरला. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, त्यालाही बसवला. कपाळाला विभूती लावली. शेजारच्या सोजरबाई भिंतीवरून बघत होत्या. तोंड हललं — 'कुत्र्याला इबूत?' म्हटलं, तुमच्या मालकापेक्षा जास्त वेळा देवळापर्यंत आलाय तो.

जेवण गेलं नाही. गुरम्मानंही आग्रह केला नाही.

१३ जानेवारी

भोगी. गुरम्मानं सवयीनं त्याचीही भाकरी थापली. मी खाल्ली. तीळ लावलेली.

तीस वर्षं मागावर काढली. सुटताना मिलनं कान ठेवून घेतले. तक्रार नाही. त्या खडखडाटात मुकादम जॉबरच्या शिव्यासुद्धा नुसत्या दिसायच्या! बोलणं सगळं हातानं. लग्नानंतर गुरम्माही ते हातवारे शिकली, भांडायला सोयीचं म्हणून.

दार वाजलं की पूर्वी ती येऊन खांद्याला हात लावायची. मी भडकायचो. आंधळ्याला धरतात तसं धरू नकोस! दोन वर्षांमागं एकदा फारच बोललो. चार दिवस ती बोलली नाही, मग खांद्याला हात लावणंच बंद. शहाणी झाली. आणि त्याच सुमारास मॅनेजर आपणहून शिकला — कुणी आलं की येऊन माझं धोतर ओढायचा. म्हातारपणी अक्कल आली. गुरम्मा बाहेर गेली की मात्र पडून राहायचा. सुपरवायझर नसला की कोण काम करतं!

१७ जानेवारी

गुरम्मा सोजरबाईंबरोबर गड्ड्याच्या जत्रेला गेली. मी आतून कडी लावून पेपर वाचत बसलो. मान वर केली तर समोर मल्लप्पा! चिरंजीव कुर्डुवाडीहून आलेले — रेल्वेत क्लार्क आहेत. अर्धा तास दार बडवून शेवटी सोजरबाईंच्या भिंतीवरून उडी मारली. पँट फाटली. मी म्हटलं, बस, चहा घेतोस?

तोंड एवढं मोठं उघडून बोलला की न बघताही कळावं. 'अप्पा, हितं आग लागली तरी तुमाला कळणार न्हाय! सामान बांधा. दोघंबी कुर्डुवाडीला चला.'

कुर्डुवाडीला जाऊन मी काय करू? तिथं येणारी गाडी दिसते आणि जाणारी गाडी दिसते. इथं निदान मिलचा भोंगा आहे. तो मला ऐकू येत नाही, दिसतो. गल्लीतली सगळी कुत्री एकदम माना वर करून रडायला लागली की समजायचं, पाळी सुटली.

शेवटी तह झाला. तो मॅनेजरचं काम शिकवण्यासारखं चांगल्या जातीचं पिल्लू आणून देणार. ते कामाला लागलं तर आम्ही इथं. नाही तर महिनाभरानं कुर्डुवाडी.

२० जानेवारी

पिल्लू आलं. साहेबाच्या बंगल्यातलं, विकत. आईबापांची नावं लिहिलेला कागदही सोबत — माझ्याकडं माझ्या आज्याचा नाही! नाव टायगर. मांजर बघून गुरम्माच्या लुगड्यात शिरलं.

२२ जानेवारी

दोन दिवस सतत भुंकतंय म्हणे. मला काय! मी दुपारी मस्त झोपलो. तक्रार करायला लोक आले, त्यांनी दार वाजवलं, तेही मला कळलं नाही, आणि टायगर त्यांच्यावर भुंकण्यात एवढा गुंतलेला की मला सांगायला यायला त्याला सवड नाही. हातानं खूण केली तर बोट चावतो.

२४ जानेवारी

टायगर कागदासह परत. गुरम्मा भांडी वेगळी काढायला लागली. कुठली कुर्डुवाडीला न्यायची, कुठली सोजरबाईंना द्यायची. मी बघितलं नाही असं दाखवलं.

मला जायचं नाही.

२६ जानेवारी

मॅनेजरच्या पोत्यावर एक भटकं येऊन बसलंय! तांबडं, एक कान फाटका, अंगावर खरूज. सोजरबाई तणतणत आल्या — 'हाड हाड करून घसा बसला माजा, मेलं हलत न्हाय! लई निर्लज्ज हाय.' मला आवडलं. मिलमध्ये असा निबर माणूस युनियनचा पुढारी होतो.

मी हातानं खूण केली — ये. आलं. बस. बसलं!

गुरम्मा कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिली. त्याच्या पाठीमागं जाऊन तिनं टाळी वाजवली. मग म्हणाली, 'ऱ्हाऊ द्या की हेला.'

नाव ठेवलं बदली. पक्का कामगार गेला की त्याच्या जागी बदलीवाला उभा राहतोच.

३१ जानेवारी

बदलीनं उंबऱ्यावर मटणाचं हाडूक आणून ठेवलं. लिंगायताच्या घरात! गुरम्मानं उंबरा चारदा धुतला. सगळी गल्ली हसली. मीही.

औषधाचं तेल चोळतो रोज. खरूज बरी होतेय.

३ फेब्रुवारी

आज दार वाजलं आणि बदलीनं माझं धोतर ओढलं!! आठच दिवसांत. मॅनेजरला अकरा वर्षं लागली होती. खोड मात्र तीच — हाही मॅनेजरसारखाच आधी माझ्या मागं, चुलीकडं बघतो. भाकरीवर डोळा, दुसरं काय.

१० फेब्रुवारी

मल्लप्पा आला. मुद्दाम दार हळू वाजवलं म्हणे. बदलीनं मला ओढत नेऊन त्याच्यासमोर उभं केलं. पोरगं खजील. मी म्हटलं, ह्याच्या आईबापांचा कागद नाही, चालेल?

भांडी परत फळीवर गेली. गुरम्मा गाणं म्हणत असावी, ओठ हलत होते.

२५ फेब्रुवारी

संध्याकाळी कट्ट्यावर बसलो होतो. बदली शेजारी. गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांच्या माना वर — भोंगा झाला. बदली पिसू खाजवत होता.

वाटलं, शिस्तीचं कुत्रं आहे. मग लक्षात आलं, महिनाभर बघतोय, त्यानं एकदाही मान वर केलेली नाही. त्याच्या कानामागं पितळी ताट दगडावर आपटलं. सोजरबाई दचकून बाहेर आल्या. बदली खाजवतच राहिला.

ठार बहिरा आहे. माझ्यासारखा.

मग दार वाजल्याचं ह्याला सांगतं कोण?

२६ फेब्रुवारी

गुरम्माला विचारलं. तिनं लपवलं नाही. माझ्या मागं चुलीपाशी जाऊन उभी राहिली, हात हलवला. बदली उठला आणि धोतर ओढलं.

म्हटलं, आणि मॅनेजर?

'त्येचेबी कान गेलेलेच की. दोन वर्सं.'

मला का नाही सांगितलंस?

'तुमी माजं ऐकत न्हवता. कुत्र्याचं ऐकत हुता.'

तेवढ्यात तिनं दाराकडं पाहिलं, मग बदलीकडं. हात उचलला. मी म्हटलं, झोपू दे त्याला. मला सांग.

तिनं खांद्याला हात लावला.