सापासाठीचं काडतूस

नास, आयर्लंड, १४ मे २०२०

विमानं बंद, म्हणून बाबा अजून इथेच. आज फिरताना दोन मीटरवरून शेजारच्या शॉनला हे माझे निवृत्त फॉरेस्ट रेंजर बाबा समजावत होते: रानात सापासाठी छर्र्यांचं काडतूस रिव्हॉल्वरमध्येच घालायचं. पिस्तुलात त्याचा झटका कमी पडतो, पुढचं काडतूस चढवणारी स्लाइड अर्ध्यातच अडकते. रिव्हॉल्वरचा चाप पुन्हा ओढला की पुढचं हजर.

शॉन म्हणाला, "ग्रँड! पण आयर्लंडमध्ये सापच नाहीत."

दोन महिने रोज बाबा काठीने गवत आपटत माझ्या पुढे चालतात. मी का नाही सांगितलं कधी?

परतताना गवत लागलं. पुन्हा तीच काठी.

"बाबा, साप नाहीत ना इथे."

"माहीत आहे मले. तू मागंच राह्य."

चाळिशीतली मी, मुकाट मागे चालले.