घ्यावी की नको, चाचांची पिकअप

१८ जानेवारी, शनिवार

पिकअप बघितली! निजामपुऱ्यात, गुलाम हुसेन चाचांच्या कारखान्याच्या दारात. बारा वर्षांची. मागच्या फळीला गंज, डावा आरसा सुतळीने बांधलेला, सीटमधून काथ्या बाहेर. पण चाचांनी किल्ली फिरवली आणि आवाज म्हणून नाही! "अनसूयाबाई, मख्खन हाय मख्खन!" खरंच मख्खन. वीस वर्षं चाचांच्याच पॉवरलूमवर सुताच्या कांड्या भरल्या मी, तेव्हा हिला कधी नीट बघितलं नाही.

एक लाख ऐंशी म्हणतात. दीडला येतील. चाचांना घासाघीस आवडते, आणि मलाही.

१९ जानेवारी, रविवार

ईराला सांगितलं. गाडी तीच चालवणार — घरात लायसन्स लेकीकडेच. म्हणाली, "आधी चालवून बघू, आई." एवढंच! मी तिच्या तोंडावर आनंद शोधत बसले.

२० जानेवारी, सोमवार

लडकूच्या भाड्याच्या टेम्पोने आज पुन्हा घात केला. जेवणाचे एकशे चाळीस डबे टेमघरला आमच्या दारात भरून तयार, आणि हा फोनवर — "वयनी, पंचर हाय, आत्ता येतंय!" आत्ता म्हणजे पाऊण तास. काल्हेरच्या गोदामात पोचलो तर भाजी गार आणि मॅनेजर गरम. एक तारखेपासून साडेबाराच्या आत डबे आले नाहीत तर दुसरीकडे सांगणार म्हणे.

ऑर्डर गेली तर पोळ्या लाटणाऱ्या चौघींना काय सांगू? त्यातली आक्का तर माझ्या शब्दावर लूमचं काम सोडून आली. गाडी पाहिजेच. स्वतःची!

२१ जानेवारी, मंगळवार

चाचा एक लाख साठवर आले. अजून येतील.

२२ जानेवारी, बुधवार

आज चालवून बघितली. ईराने पिकअप काल्हेरपर्यंत नेली-आणली, मी शेजारी. वा! काय उंच बसायचं, सगळ्या रिक्षा खाली! खिडकीवर कोपर टेकून मी सरपंच असल्यासारखी बसले होते. लडकू वाटेत दिसला. मुद्दाम हात केला.

परत आलो तर ईराचं तोंड एवढंसं. "आई, गिअरबॉक्स किती रडतोय!"

कुठे रडतोय? मी शेजारीच होते ना! चूं की चां नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ठाण्याला ऑफिसात मुलाखत देऊन आलीये ती. डब्यांची गाडी चालवायला लाज वाटते, तर सरळ सांग ना! गाडीला कशाला नावं ठेवतेस? बोलले तसं. खोटारडी म्हणाले. ती जेवली नाही. मी जेवले, पण घास गोड लागला नाही.

हल्ली माझ्याशी बोलते तेही ओरडून. अशी नव्हती.

२३ जानेवारी, गुरुवार

सकाळी ईरानेच तोड काढली. "निजामपुऱ्यात लूम चालू असताना विमान उतरलं तरी कळायचं नाही. उद्या शुक्रवार, लूम बंद. ताबिशला घेऊन जाऊ आणि दोन मिनिटं ऐकू. आवाज नसला तर मुकाट चालवीन, एक अक्षर बोलणार नाही."

ताबिश म्हणजे आमच्या नाक्यावरचा मिस्त्री. तोंडाचा फटकळ, पण खोटं बोलायचा नाही. कबूल! शिरा आजच करून टाकला — जिंकणार तर मीच.

२४ जानेवारी, शुक्रवार

सगळी गल्ली बंद. ताबिशने खालून-वरून गाडी बघितली. "चाची, इंजिन तगडा है, चेसिस भी साफ." मग किल्ली फिरवली. मी कान देऊन ऐकलं. काही नाही! शेजारी गुलाम हुसेन चाचा खुशीत — "बोललो ना, आवाज नाय!" मी ऐटीत ईराकडे वळले.

ताबिशचं तोंड वाकडं झालं होतं. समोरच्या माडीवर एक बाई कानांवर हात ठेवून खिडकीत आली होती. आणि ईरा रडत होती. तिने माझे दोन्ही गाल धरले आणि एकेक शब्द सावकाश म्हणाली, "आई, बेरिंग गेलंय फक्त. बदलू. गाडी घेऊ, मी चालवीन." मी तिच्या ओठांकडे बघत होते.

सोमवारी कान दाखवायचे आहेत, माझे आणि चाचांचे. पिकअपनेच जाऊ.