कृष्णविवर गार पडत नाही

अण्णा,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. हळद शिजवायचे दिवस होते. तुम्ही विचारलंत, कृष्णविवर विरतं म्हणजे काय, आणि शेवटी त्याचं काय होतं?
२. मी म्हणाले, त्यातून सतत थोडी ऊर्जा निघून जाते आणि ते लहान होत जातं. तुम्ही म्हणालात, मग गारही पडत असेल. मी "हो" म्हणाले.
३. ते चूक होतं, आणि मला ते माहीत होतं.
४. चार दिवसांनी तुम्ही तेच चारचौघांत सांगितलंत. मी अंग काढून घेतलं.

तुम्हाला तसं का वाटलं, ते मला तेव्हाच कळलं होतं. शिजलेली हळद ताडपत्रीवर ओतली की मोठा ढीग कितीतरी वेळ वाफाळत राहायचा, लहान ढीग लगेच हाताला गार लागायचा. तुम्ही तोच अंदाज आकाशाला लावलात. अंदाज वाईट नव्हता. माझी एमएस्सीची परीक्षा तोंडावर होती आणि नीट समजावायला अर्धा तास गेला असता. तो मी वाचवला.

त्या दिवशी कुरुंद्याच्या शाळेतले विज्ञानाचे सर हळद बघायला आलेत. तुम्ही फावडं टेकवून त्यांना सांगताय, "सर, ते विवर बारीक होत होत गार पडतंय बघा. आमची पोरगी तेच शिकून राहिली." सर हसतात. "उलटं सांगून राहिले तुमी, अण्णा! बारीक झालं की तापतंय ते. हळदीचा ढीग समजले काय?" कामावरच्या बायकाही हसतात. त्यातली एक मावशी म्हणते, "काहून हसता? अण्णा जाऊन हात लावून आले असतील!" तुम्ही माझ्याकडे बघता. मी म्हणते, "मी असं सांगितलं नव्हतं."

"न्हाई, न्हाई," तुम्ही लगेच म्हणालात, "तिनं बराबरच सांगितलं. माझ्याच टकुऱ्यात उलटं शिरलं."

घरी तुम्ही रागावला नाहीत. फक्त त्यानंतर मला आकाशाबद्दल एकही प्रश्न विचारला नाहीत, आणि पोळ्याआधी गेलात. त्याला आठ वर्षं झाली.

खरं उत्तर असं आहे. जड कृष्णविवर अतिशय थंड असतं. ते हलकं होत जातं तसं तापत जातं, आणि तापल्यामुळे आणखी वेगाने विरतं. शेवटच्या क्षणात उरलेलं सगळं स्फोटासारखं बाहेर पडतं. हे गणित सांगतं. कुणी पाहिलेलं नाही. त्या स्फोटानंतर काही उरतं का, आत पडलेल्या वस्तूंची काही खूण बाहेर येते का, हे अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही. तुम्ही विचारलेला शेवट हाच होता. "माहीत नाही" म्हणायला अर्धा तासही लागला नसता.

शनिवारी त्याच शाळेत मुलांसमोर याच विषयावर बोलायला मला बोलावलंय. सर निवृत्त झालेत, पण येणार आहेत. चूक माझी होती हे तिथे सांगावं, असं वाटतं. सांगितलं तर तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात हेही उघडं पडेल, म्हणून गप्प राहावं, असंही वाटतं. हे दुसरं कारण मी माझ्या सोयीसाठी शोधलंय, ते मला कळतं. हे पत्र वहीतच राहणार, तेही कळतं.

तरी सांगू की नको, ते शुक्रवारपर्यंत कळवा.