पहिल्या पानावरची मुलगी

मी, कुमुद परसराम लांजेवार, वय चौसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार पवनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. पवनीचे राहते घर आणि बँकेतली ठेव माझी भाची रुचिका हिला द्यावी. अंगणातली लिंबे शेजाऱ्यांना नेऊ द्यावीत. त्यांना सवय आहे.

२. चुलतभाऊ ईश्वर याला माझा रेडिओ द्यावा. आकाशवाणीवर माझी श्रुतिका लागली की तो म्हणायचा, "कुमुदताईची रडारड सुरू झाली, बंद करा रे." आता बटण त्याच्याच हाती राहील.

३. इंग्रजी पुस्तके वाचनालयाला द्यावीत. सुंदर हस्ताक्षरासाठी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी दिलेले फाउंटन पेन मात्र कोणालाही देऊ नये. कारण पुढे येते.

४. निळ्या फाइलमध्ये एक पटकथा आहे. माझी बालमैत्रीण रंजू शेंडे हिच्या कादंबरीवरून मी ती लिहिली. रंजूचा भाचा भूपेंद्र त्यावर चित्रपट काढतो आहे. दिवाळीनंतर, धान कापून झाले की शूटिंग सुरू होईल.

कादंबरीच्या पहिल्या पानावर तळ्यात मासे धरणारी एक बाई मुलीच्या शाळेत येते. मुलीला ताप आहे, एवढा निरोप द्यायचा असतो. समोर तिच्या मुलीच्या वर्गातली एक मुलगी दिसते. बाई ओळखीचे हसते. मुलगी ओळख देत नाही.

ती बाई म्हणजे रंजूची आई, भागीरथाबाई. ओळख न देणाऱ्या मुलीला कादंबरीत नाव नाही, कारण रंजूला ते ठाऊक नाही. तिने मला सांगितले होते, "माय मरेपर्यंत बोलली नाही. विचारलं की म्हणे, लहान होती वो ते, भेली असन."

ती मुलगी मी.

आम्ही तेव्हा जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. आई दवाखान्यात असताना दोन महिने मी भागीरथाबाईच्या चुलीपाशी जेवले. रंजूच्या ताटात काटे असत, माझ्या ताटात काटे काढलेला मासा असे. म्हणूनच रंजूने माझ्यावर कधी संशय घेतला नाही. त्या दिवशी माझ्यामागे चार मुली नाक धरून हसत होत्या, एवढेच माझे कारण. निरोप पोहोचला नाही, आणि ताप उतरल्यावर रंजू न कळवता गैरहजर राहिल्याची शिक्षा म्हणून तीन दिवस वर्गाबाहेर उभी राहिली.

हे पान मी त्याच पेनाने पटकथेतून गाळले. त्या जागी धुके, तळे आणि बगळे घातले.

रंजूने विचारले, "सारं चांगलं जमलं. पण पहिलं पान कुठं गेलं वो, कुमुद?"

मी म्हणाले, "सिनेमाला आधी चित्र लागते."

"बरं," ती म्हणाली. "तुले समजते त्यातलं."

बगळे काढून टाकावेत आणि सुरुवात अशी करावी:

दृश्य १. बाहेर. शाळेचे फाटक. दुपार.
भागीरथाबाई उभी आहे. लुगडे गुडघ्यापर्यंत ओले, पदरात उकडलेले शिंगाडे.
सिस्टर (मुलीला): तू हिला ओळखतेस?
कुमुद: नाही, सिस्टर.
भागीरथाबाई (लगेच): मीबी नाही ओळखत जी या पोरीले. फाटक चुकली मी.
ती शिंगाडे फाटकाच्या खांबावर ठेवून निघून जाते.
मधल्या सुटीत कुमुद खांबामागे बसून शिंगाडे खाते. सगळे. काळी झालेली बोटे पांढऱ्या मोज्यांना पुसते.

शेवटचे चित्र कादंबरीत नाही. ते भागीरथाबाईलाही माहीत नव्हते. मुलीचे नाव बदलू नये.

५. कलम चार लिहून झाल्यावर मला हलके वाटले, आणि त्याचीच लाज वाटली. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडते. मी आणखी दहा वर्षे जगले तर पडद्यावर बगळेच उडतील. आणि रंजूला कळेल तेव्हा तिच्यासमोर मी नसेन. फाटकाशी केले तेच पुन्हा.

साक्षीदार पुंडलिकराव यांना मी हे बोलून दाखवले. ते आधी म्हणाले, "मृत्युपत्र जितेपणी कोणी वाचून दाखवते का, बाई?" मग चष्मा पुसत म्हणाले, "पण बरोबर आहे. तुम्ही मेल्यावर तिनं भांडावं कोणासंगं?"

म्हणून कलम चार माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. सह्या झाल्या की मी ते रंजूच्या घरी जाऊन तिला वाचून दाखवीन. तिने दार लावून घेतले, तर बाहेर उभी राहून वाचीन. बाकीची कलमे सावकाश अमलात यावीत.

स्थळ: पवनी
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५, सकाळी साडेनऊ

सही: कुमुद परसराम लांजेवार
(दृश्य १ मधील मुलगी)

वरील सही आमच्यासमोर झाली. बाई चपला घालूनच सही करायला बसल्या होत्या.
साक्षीदार: १. पुंडलिकराव गभणे २. रीना सेलोकर