तब्येत जास्त आहे

मारेगाव,
१२ जानेवारी २०२५

ती. आजोबांस,
आभाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. अक्षर सुधारण्याचा उपदेश या वेळी नको, कारण आधीच रडकुंडीला आले आहे.

परदेशी नर्सिंगसाठी इंग्रजी बोलण्याची परीक्षा आहे ना, तिची सराव परीक्षा काल झाली. प्रसंग असा होता की, पहाटे पेशंट वारला आहे आणि मी त्याच्या मुलाला फोन करायचा आहे. मी आपलं इथे सांगतात तसं सांगितलं, की वडील सीरियस आहेत, लगेच निघून या. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी विचारलं, म्हणजे ते जिवंत आहेत? मी पुन्हा लगेच निघून या एवढंच म्हटलं. तिथे असं सांगितलं तर नोकरी जाईल म्हणाल्या.

आमच्या वॉर्डातल्या लालीबाई मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "खरं कायले सांगता सिस्टर? पोरगा गाडी चालवून राह्यला असन, रस्त्यातच पडन." मलाही तेच पटतं. आजी गेली तेव्हा बाबांना आर्णीला फोनवर तब्येत जास्त आहे एवढंच सांगितलं होतं. ते वाटेत थांबून तिच्यासाठी मोसंबी घेऊन आले होते.

तुम्ही जन्मभर इंग्रजी शिकवलंत, आता तुम्हीच सांगा, कोणता शब्द वापरू? एक्स्पायर, पास अवे की डाय? महिनाअखेरीस नागपूरला खरी परीक्षा आहे. तुमचं जेवण कमी झालंय असं कळलं. पथ्य पाळा.

तुमची माया अशीच राहू द्या.
तुमची,
आभा


॥ श्री चिंतामणी प्रसन्न ॥
कळंब,
१७ जानेवारी २०२५

चि. आभास,
नंदकिशोरचे अ. आ.

अक्षराबद्दल बोलत नाही. बोलण्यासारखं खूप आहे, तरी.

एक्स्पायर हा आपल्याकडचा सुटाबुटातला शब्द. आपल्याला तो अदबीचा वाटतो, तिकडच्या माणसाला कोरडा वाटेल. पास अवे हा मऊ शब्द, शेजारीपाजारी चालतो. दवाखान्यात मात्र डाय. शब्दकोशात त्याच्यापुढे कसलीच खूण नसते, ना औपचारिक ना गावंढळ, तो सगळ्यांचा शब्द आहे. आपण वारले म्हणतो, गेले म्हणतो, मेला म्हटलं तर शिवी वाटते. म्हणून आपली जीभ अडते. उच्चार डाइड. शेवटचा ड आपटू नकोस आणि गिळूही नकोस. आधी नाव घे, क्षणभर थांब आणि मग सांग.

आता माझं. यवतमाळला दुर्बीण घालून पोट तपासलं. डॉक्टर तुझ्या बाबाशी बाहेर जाऊन बोलले आणि मला सूज आहे असं सांगण्यात आलं. तेव्हापासून घरात कुणी माझ्यावर चिडत नाही. तुझी आई रोज शिरा करते. बहिरा झालो म्हणून माणसांचे चेहरे दिसायचे थांबत नाहीत. रिपोर्ट तुला पाठवला असणारच. काय आहे त्यात?

लोभ आहेच, उत्तराची वाट पाहतो.
तुझा,
आजोबा


(त्याच पाकिटातली चिठ्ठी)

चि. आभास,
आईचे आशीर्वाद.

आजोबांचं पाकीट मीच पोस्टात टाकते, म्हणून त्यातच ही चिठ्ठी घालते. फोनवर बोललं की ते समोर बसून ओठ वाचतात. कॅन्सर हा शब्द आम्ही घरात उच्चारत नाही. ऑपरेशन करायचं की नाही ते बाबा आणि काका ठरवतील. तू सूज आहे एवढंच लिही. ते धसका घेतील गं.
आई


मारेगाव,
२४ जानेवारी २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

परीक्षा चार दिवसांवर आली आहे. हे पत्र सूज आहे असं लिहून मी एकदा पुरं केलं होतं, पाकीटही चिकटवलं होतं. ते फाडलं. परीक्षेच्या कागदावरच्या कुणा परक्या मुलाला मी स्पष्ट सांगायचं आणि तुम्ही सरळ विचारलंत तर तुम्हाला फसवायचं, हे मला जमेना.

आजोबा, तुमच्या जठरात कॅन्सर आहे.

ऑपरेशन होऊ शकतं, पण तुमच्या वयात त्यात धोका आहे. ते करायचं की नाही हे घरात तुमच्या पाठीमागे ठरतंय. खरं तर ते ठरवायचं तुम्ही. आईवर रागावू नका, ती फार घाबरली आहे. मीही घाबरले आहे. तुम्ही धसका घेतलात तर त्याला जबाबदार मी.

माझ्यावरची माया कमी करू नका.
तुमची,
आभा


॥ श्री चिंतामणी प्रसन्न ॥
कळंब,
२९ जानेवारी २०२५

चि. आभास,
अ. आ.

पत्र मिळालं. ते वाचून मी अंगणात जाऊन बसलो. मग आत येऊन तुझ्या आईला वाचायला दिलं. ती आधी तुझ्यावर भडकली, मग माझ्याजवळ बसून खूप रडली. संध्याकाळी गोळी विसरलो म्हणून माझ्यावर खेकसली. बरं वाटलं.

डॉक्टरांना काय विचारायचं ते मी विचारणार आहे. ते कागदावर लिहून उत्तर देतील. ऑपरेशनचं अजून ठरवलेलं नाही.

बेटा, मला फार भीती वाटते आहे. इतके दिवसही वाटतच होती, पण सगळे मला बरे आहात म्हणत होते, मग सांगायची कुणाला? आता तुला सांगतो आहे.

परीक्षा कशी झाली ते इथे येऊनच सांग. या वेळी नुसता लोभ पुरणार नाही, तू ये.

तुझा,
आजोबा